मसुदा तिसरा

वखारभागात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर
माझी दहा बाय बाराची खोली.
एकसष्ट वेबसाइटी सांभाळते मी इथून.
आता लेखी अटी हव्यात, म्हणाला श्रेणिक.
वकील आहे. त्याचीही साइट माझ्याकडेच, फुकट.

कुठल्याशा अमेरिकन कंपनीचा कागद घेतला नमुन्याला,
मशीनकडून मराठी करून घेतला.
डेलावेअर शोधा, सांगली घाला, सगळीकडे बदला.
एक कळ दाबली, आणि कलम चौदामध्ये उमटलं:
'सांगली राज्याचे कायदे लागू राहतील.'
खालून वार्निशचा वास येत होता.
क्षणभर संस्थान परत आलं,
मला दिवाणगिरीही मिळाली असती.
खोडलं.

'ग्राहक' म्हणजे कोण, ते आधी सांगायचं असतं.
ग्राहक म्हणजे कुपवाडचा पत्रावळीच्या मशीनवाला,
बुधगावचा गुरांचा डॉक्टर,
तासगावच्या आक्काताई बिरनाळे, बेदाणा होलसेल,
ज्या सोमवारी पासवर्ड विसरतात
आणि मंगळवारी मला रागावतात.
'यापुढे ज्यांचा उल्लेख ग्राहक असा केला जाईल.'
यापुढे आक्काताईंना ग्राहक म्हणायचं.
बघू.

'आम्ही' म्हणजे मी एकटी.
ते लिहिलं नाही. 'आम्ही' बरं दिसतं.

'सेवा नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के वेळ सुरू राहील.'
हिशेब केला: उरले वर्षाला पावणेनऊ तास.
त्यात माझा ताप,
आणि मिरजेतलं एखादं लग्न बसवायचं.

दैवी आपत्तीच्या कलमापाशी मात्र रात्र गेली.
नमुन्यात युद्ध आहे, दंगल आहे, साथ आहे,
महापूर एका स्वल्पविरामात उरकलाय.
मी लिहिलं: देवाची करणी
आणि वखारभागात पाणी.
हेही खोडलं.

पण त्या ऑगस्टात तसंच तर होतं.
मशीन मुंबईत, कोरडं, गार, गुणगुणत,
आणि इथे मगदूमांच्या तेलघाण्याचं शटर
पाटीसकट कृष्णेत.
स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत:
'आम्ही सकाळी नऊ ते रात्री आठ उघडे आहोत.'
सेवेत खंड नाही. शंभर टक्के.
अण्णाप्पा मगदूम शाळेच्या वर्गात सतरंजीवर बसून
कुणाच्या तरी मोबाइलवर ते उघडून बघायचे.
मला म्हणाले, 'पोरी, दुकान तेवढंच उरलंय,
ते बंद करू नको.'

कलम नऊ.
'बिल थकल्यास तीस दिवसांनी सर्व मजकूर
कायमचा पुसण्यात येईल.'
मगदूम फाल्गुनात गेले.
बिल थकून आज त्रेचाळीस दिवस.
मुलगा बंगळूरला, चार मेल, उत्तर नाही.
घाणा अजून उघडा आहे, नऊ ते आठ.

माझे वडील हरिपूरच्या पेवांवर होते.
लोकांची हळद, जमिनीच्या पोटात, वर्षवर्षभर.
पावत्या असायच्या, शिक्के असायचे,
पण वडिलांची अट एकच, तोंडी:
पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीने कंदील सोडायचा.
विझला तर थांबायचं.
सुट्टीत दोरी माझ्या हातात असायची.
वात खाली जाताना
भिंत पिवळी दिसायची, मग तांबूस,
मग नुसता एक ठिपका.

कलम नऊ, दुरुस्त:
'...पुसण्यात येईल. तत्पूर्वी आम्ही एकदा फोन करू.'
श्रेणिकने लाल रेघ ओढून पाठवलं.
समासात तीन प्रश्न:
फोन कुणाला?
किती वाजता?
उचलला नाही तर?

खाली वाइंडिंग थांबलंय, डबे उघडलेत,
लसणाच्या चटणीचा वास जिन्यावरून वर आलाय.
बंगळूरचा नंबर फिरवलाय.
रिंग जातेय
खाली खाली.